चार्जिंगचा दिवा

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला नाही. देवासमोर हात जोडून बसते, तर तिथंही भलतंच काहीतरी मागून उठते. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून कदाचित तुमच्याजवळ जमेल.

आम्ही शिंदखेड्याचे. नवरा सुरतेला कामाला. घरी मी, माझी दोन मुलं, माझे थोरले दीर — त्यांना सगळा गाव भाऊच म्हणतो — आणि त्यांची बायको, माझी जाऊ, अक्का. मी सासरी आले तेव्हा सासू नव्हती. माझी दोन्ही बाळंतपणं अक्काने काढली. हे आधीच सांगून ठेवते, नंतर सांगायला तोंड राहणार नाही.

माझ्या वडिलांचं धुळ्यात मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. मीटर धरायला मी त्यांच्याकडूनच शिकले. त्यामुळे घरची जुनी गाडी कुरकुरायला लागली की बॉनेट मीच उघडायची, आणि गल्ली बघायला जमायची. बाईमाणूस गाडी दुरुस्त करते म्हटल्यावर जमणारच ना? मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

त्या मे महिन्यात डॅशबोर्डावरचा लाल दिवा लागायला लागला. बॅटरीचं चित्र असतं ना, तो. म्हणजे अल्टरनेटर बॅटरी चार्ज करत नाही. अक्काच्या माहेरी, चोपड्याकडे लग्न होतं आणि भाऊंना आपल्याच गाडीने जायचं होतं. मी गरम पाणी ओतून टर्मिनलवरची पांढरी बुरशी काढली, पट्टा ताणला. गाडी चालू करून मीटर लावला — चौदा व्होल्ट, म्हणजे चार्जिंग ठीक. दिवा विझला. झाली गाडी, मी म्हटलं. भाऊंनी ते गल्लीभर सांगितलं.

संध्याकाळी दिवा पुन्हा मिणमिणायला लागला.

अल्टरनेटरमधले कार्बन झिजले असणार, हे मला कळलं होतं. अल्टरनेटर उघडावा लागणार, म्हणजे धुळ्याला न्यावा लागणार. एवढंच तर सांगायचं होतं — भाऊ, मला जमलं नाही, तुम्ही बसने जा. काय झालं असतं? चार जण हसले असते. ते हसणं मला नको होतं.

म्हणून मी डॅशबोर्डामागे हात घातला आणि तो दिवाच काढून टाकला. वाटाण्याएवढा.

आता नीट ऐका. आमच्या त्या जुन्या गाडीत अल्टरनेटरला पहिला करंट त्या दिव्यातूनच जायचा. दिवा काढला की चार्जिंग जागं होतंच असं नाही. कधी कधी जोरात रेस दिली की आपोआप होतं, कधी होत नाही. हे मला माहीत होतं का? होतं. वडिलांनी सांगितलं होतं. होईल आपोआप, असं मी स्वतःला समजावलं. मीटर तिथंच पायाशी पडला होता. मी तो लावला नाही — लावला असता तर खरं कळलं असतं.

सकाळी मी हसत दोघांना निरोप दिला. अक्काने हिरवं लुगडं नेसलं होतं.

फोन आला तेव्हा ऊन असं होतं की ओट्यावर पाय टेकवत नव्हता. भाऊ म्हणाले, "गाडी बंद पडनी. सेल्फबी मारत नही. लाल दिवा ते लागनाच नही, मंग काय झायं?"

मला क्षणात कळलं. बॅटरी संपली आहे, आता ती गाडी हलणार नाही, सोडा ती, अक्काला सावलीत न्या, दिसेल त्या वाहनाला हात करा — हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण इतक्या खात्रीने बोलले तर भाऊ विचारतील, तुला कसं माहीत? मी म्हटलं, "इंजिन तापलं असेल. थोडं थांबा, थंड होऊ द्या. मग टर्मिनल हलवून बघा."

ते थांबले. माझ्यावर विश्वास ठेवून थांबले. त्या रस्त्याला झाड नव्हतं. बऱ्याच वेळाने पुन्हा फोन आला, "अक्काले घाबरं व्हई ऱ्हायनं." तेव्हा मी म्हटलं, कुणालाही थांबवा. केळीच्या एका ट्रकवाल्याने त्यांना चोपड्याला दवाखान्यात नेलं. अक्का वाटेतच बेशुद्ध झाली होती. ती शुद्धीवर आली नाही.

गाडी ओढून आणली त्या दुपारी घर माणसांनी भरलेलं होतं. मी अंगणात गेले आणि दिवा परत जागेवर बसवला. नीट दाबून घट्ट बसवला, हेही सांगते. नंतर मेकॅनिक आला. कार्बन झिजलेत म्हणाला. दुसरी बॅटरी जोडून चावी फिरवली तर दिवा छान लागला.

तेराव्याला भाऊंनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "तुले गाडीमधलं समजस. तूच सांग. मी सारा रस्ता देखत व्हतू. दिवा लागना व्हई का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "लागला असेल, भाऊ. उन्हात दिसला नसेल."

त्यांनी मान हलवली. त्यानंतर त्यांनी गाडीच्या चावीला हात लावला नाही. आता तर त्यांना आठवतंसुद्धा की दिवा लागला होता. कुणी पाहुणा आला, अक्काचा विषय निघाला, की ते सांगायला लागतात — "दिवा लागेल व्हता, मीच देखा नही." मी तेव्हा आत चहा ठेवते, आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत बाहेर येत नाही.