जुन्या झाडाचा चहा आणि बशीचा हक्क

रिटायर झालेल्या माणसाला एक तरी श्रोता लागतो. बायको त्यात धरायची नसते. तिने सगळे किस्से मूळ स्वरूपात ऐकलेले असतात, आणि नंतर घातलेली भर तिला लगेच ओळखू येते.

माझा श्रोता बदलापूरच्या आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये पलीकडच्या विंगमध्ये राहतो. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत आम्ही दोघांनी जन्म काढला. मी लॅबमध्ये, तो डिस्पॅचला. मी सॅम्पल पास केल्याशिवाय त्याचा ट्रक हलायचा नाही. तेव्हापासून तो मला 'सायंटिस्ट' म्हणतो. या शब्दात आदर किती आणि चेष्टा किती, हे माझ्या लॅबला कधी ठरवता आलं नाही.

आमचा रोजचा कार्यक्रम ठरलेला होता. सकाळी नदीकडे फेरी, परत येताना गेटसमोरच्या छोट्या हॉटेलात एक चहा. दोघांत एकच. त्या हॉटेलात अजून कपबशी मिळते. कप आला की तो अर्धा चहा बशीत ओतायचा, कप माझ्याकडे सरकवायचा आणि बशी दोन्ही हातांनी उचलून फुर्रर्र करायचा. बशी त्याची, कप माझा. असं कधी ठरलं ते दोघांनाही आठवत नाही. त्या फुर्रर्रच्या मधल्या जागेत मी माझे किस्से बसवायचो.

गेल्या दिवाळीनंतर त्याची शुगर वाढली. डॉक्टरांनी साखर बंद केली, वर दूधही कमी करा म्हणाले. पठ्ठ्याने चहाच सोडला. आणि चहा सोडला म्हणून हॉटेल सोडलं, हॉटेल सोडलं म्हणून माझ्याबरोबरची फेरीही सोडली. एकटाच मागच्या रस्त्याने फिरायला लागला. एकदा मी त्याला वळणावर गाठला.

"अरे, चहा नको घेऊस. नुसता बस ना!"

"नुसता काय बसू? लग्नाला जाऊन न जेवता बसल्यासारखं वाटतं." मग म्हणाला, "मुलगा म्हणतोय पुण्याला या. तिकडे खोली रिकामीच आहे. तसंही आता इथं काय ठेवलंय? एक चहा होता, तोही डॉक्टरने काढून घेतला."

म्हणजे इथं एक चहा होता. मी कुठे होतो, ते त्याने सांगितलं नाही. पण पुण्याला गेला असता तर माझ्या तोंडाला कुलूपच लागलं असतं, त्यामुळे मी राग गिळला आणि उपाय शोधायला लागलो.

उपाय सापडला उल्हासनगरला, कॅम्प चारच्या बाजारात. मिक्सरचं भांडं दुरुस्तीला टाकून मी शेजारच्या काचसामानाच्या दुकानात टाइमपास करत होतो. मालक सिंधी, जुन्या ओळखीचे; आमच्या कॅन्टीनला ग्लास त्यांच्याकडूनच यायचे. माल आणायला ते चीनला जाऊन येऊन असतात. त्यांनी एक पाकीट काढलं. आत लांब, पिळलेली काळी पानं, मध्ये मध्ये सोनेरी टोकं.

"साईं, ये बहुत पुराने पेड़ की चाय है. मेरे दादा के दादा से भी बुजुर्ग पेड़. इसमें दूध नहीं, शक्कर नहीं."

दूध नाही, साखर नाही! यापुढे ते बराच वेळ बोलत होते. पाणी किती गरम, पानं किती वेळ ठेवायची, वगैरे. मी ऐकत नव्हतो. मनातल्या मनात मी दोस्ताला माझ्या शेजारी बाकावर परत बसवलं होतं. पाकीट घेतलं, सोबत चहा करायचं एक चिनी भांडंही घेतलं. त्याला गायवान म्हणतात. एक वाटी, तिच्यावर झाकण, खाली छोटीशी खोलगट बशी. मिक्सरचं भांडं दुरुस्तीलाच राहिलं.

घरी आल्यावर मला येत होता तसा चहा केला. पातेल्यात पाणी, मूठभर पत्ती, आणि चांगलं उकळू दिलं. खळखळ उकळलं की चहाला चव येते, हा आपल्या घरोघरीचा नियम. पाणी लालचं तपकिरी झालं, तपकिरीचं काळं झालं. एक घोट घेतला आणि जीभ टाळूला चिकटली ती सुटेना. त्यातून आमचं बोअरिंगचं जड पाणी. वर तवंग आला होता. पाण्याचा जडपणा मोजण्यात ज्याची उभी नोकरी गेली, त्याला हे आधी सुचायला हवं होतं. बायकोने पातेल्यात डोकावून पाहिलं.

"टाकू नका हं. मेंदी भिजवायला छान आहे."

त्या रविवारी तिच्या केसांना जो रंग चढला त्याचं सगळ्या विंगमध्ये कौतुक झालं. जुन्या झाडाने आमच्या घरात पहिली कामगिरी अशी बजावली.

मग मी मोबाइलवर शिकायला बसलो. चहा उकळायचा नसतो हे कळलं. पाणी उकळून जरा निववायचं, पानांवर ओतायचं, झाकण ठेवायचं आणि लगेच गाळून घ्यायचं. तीच पानं पुन्हा, पुन्हा वापरायची. चांगल्या पानांतून सात-आठ पाणी निघतात. मी फिल्टरचं पाणी आणलं, माळ्यावरून जुना थर्मामीटर काढला. गायवान धरताना बोटं भाजली, ती नळाखाली धरून पुन्हा भाजली. पण चहा जमला. लालसर, स्वच्छ. आणि मी काय केलं, तर वाटीतला चहा खालच्या बशीत ओतून मस्त फुर्रर्र केलं. बशी दिलीच आहे तर आणखी कशासाठी असणार?

दुसऱ्या दिवशी एका व्हिडिओत गंभीर चेहऱ्याचा एक इसम म्हणाला की ती बशी केवळ वाटी धरायला असते. मी एकटाच होतो तरी इकडेतिकडे पाहिलं. त्या क्षणापासून मी बशीचा कट्टर विरोधक झालो. नवीन बाटलेला माणूस कसा असतो, तसा.

आठवड्याभराने दोस्ताला बाल्कनीत बोलावलं. बिनदुधाचा, बिनसाखरेचा म्हटल्यावर तो आला. चेहरा जरा खुललेलाही होता. टेबलावर थर्मामीटर, टायमर, अंगठ्याएवढे दोन कप.

"हे काय, डोळ्यांत घालायचं औषध?" तो म्हणाला.

"आधी वास घे."

"घेतला."

"कसला आला?"

"चहाचा."

"नीट घे रे! मध येतो, सुकं जर्दाळू येतं. आणि शेवटी भाजलेलं रताळं."

त्याने कपात पाहिलं, मग माझ्याकडे. "रताळं समोर बसलंय. कपात काही दिसत नाही."

मी हसलो नाही. तज्ज्ञ माणूस हसत नाही. त्याने कप उचलला, चटका बसला, खाली ठेवला, आणि सवयीने त्याचा हात गायवानच्या बशीकडे गेला.

"अंहं!" मी त्याचा हात धरला. अक्षरशः धरला. "बशी पिण्यासाठी नसते."

"मग कशासाठी असते?"

"वाटी धरायला."

"बरं," तो म्हणाला आणि हात मांडीवर ठेवला. त्यानंतर मी पाच पाणी काढली आणि प्रत्येक पाण्याला त्याला काय लागलं ते विचारलं. तिसऱ्या पाण्यानंतर तो 'छान' म्हणायला लागला. ओळखीच्या माणसाने 'छान' म्हणायला सुरुवात केली की समजावं, तो चपला शोधतोय.

पुढे तो आलाच नाही. गेटपाशी भेटला तेव्हा म्हणाला, "चांगला होता हं चहा. एकदा अनुभव घेतला." आणि जाता जाता, "रविवारी मुलगा गाडी घेऊन येतोय. तिकडची खोली बघून येतो. पसंत पडली तर सामान हलवू."

मी घरात येऊन बायकोला म्हणालो, "एवढं केलं त्याच्यासाठी, आणि हा चालला!"

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही त्यांना चहाला बोलावलं होतंत की तोंडी परीक्षेला?"

मी बाल्कनीत जाऊन बसलो. त्याचा मांडीवर ठेवलेला हात मला दिसायला लागला. डॉक्टरने त्याची साखर काढून घेतली होती, दूध काढून घेतलं होतं. बशी मी काढून घेतली.

रविवारी सकाळी तो गेटजवळच्या बाकावर बॅग घेऊन गाडीची वाट बघत बसला होता. मी पिशवी भरून खाली गेलो. त्याच्या शेजारी बसून एकेक वस्तू बाहेर काढली: थर्मास, पाकीट, टायमर, थर्मामीटर, गायवान.

"दवाखाना उघडतोयस का?" तो म्हणाला.

मी पानं घातली, पाणी ओतलं, झाकण ठेवलं, आणि कप काढायला पिशवीत हात घातला. कप नव्हते. थर्मामीटर आणला होता, टायमर आणला होता. प्यायचे कप घरी ओट्यावर राहिले होते.

"काय झालं, सायंटिस्ट?"

"कप विसरलो."

 त्याने गायवानच्या बशीकडे पाहिलं, आणि मुद्दाम दुसरीकडे तोंड फिरवलं. इकडे पानं मुरत होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर पुन्हा मेंदीचं पाणी झालं असतं. मी वाटी उचलली, झाकण जरासं सरकवून बशीत चहा ओतला, थोडा स्वतःच्या पँटवर ओतला, आणि बशी त्याच्यापुढे धरली.

"नियमात बसतं का?" त्याने विचारलं.

"गप पी."

त्याने दोन्ही हातांनी बशी घेतली. फुर्रर्र. कितीतरी दिवसांनी तो आवाज ऐकला. मी वाटीतूनच प्यायलो; निम्मी पानं दातांत अडकली. त्याने बशीतला शेवटचा घोट घेतला.

"अरे, खरंच रताळ्यासारखं लागतंय. गोड लागतंय शेवटी." मग संशयाने, "साखर नाही ना घातलीस?"

"नाही रे बाबा."

त्या दिवशी बाल्कनीत मला स्वतःलाही रताळं लागलं नव्हतं. व्हिडिओतल्या माणसाला लागलं म्हणून मी सांगितलं होतं. आता मी दातांतली पानं जिभेने काढत बसलो होतो, त्यामुळे याही वेळी मला काही कळलं नाही. पण हे मी त्याला सांगितलं नाही.

गाडी आली. मुलाने काच खाली केली. "बाबा, निघायचं ना? ट्रॅफिक लागेल."

"थांब जरा," दोस्त म्हणाला आणि रिकामी बशी माझ्यापुढे धरली. "अजून पाणी निघतंय यातून."

मुलगा गाडी बंद करून खाली उतरला. तिसरं पाणी झालं, चौथं झालं. मधल्या जागेत मी त्या सिंधी मालकांचा किस्सा सांगितला, थोडी भर घालून. मग ते दोघे गेले. तो खोली बघून आला, खोली चांगली आहे म्हणाला, मोठी आहे, उजेड आहे. सामानाबद्दल काही बोलला नाही, आणि मीही विचारलं नाही.

तो आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कप आठवणीने घेऊन खाली गेलो. तो माझ्या आधीच बाकावर येऊन बसला होता. हातात कापडी पिशवी. तिच्यातून त्याने घरची, निळ्या काठाची, चांगली मोठी बशी काढली आणि शर्टाला पुसली.

"तुझ्या त्या चिनी बशीत घोटभरच मावतं," तो म्हणाला. "ओत."