डाळीतला खडा

"तोंड उघड," तो म्हणाला. मी उघडलं. त्यानं माझ्या दाढेखाली खडा ठेवला, हनुवटी खालून गच्च दाबली आणि म्हणाला, "चाव."

मी खडा चावला. दाढ तुटली. तोंड रक्तानं भरलं.

"डाळीवर थुकू नको. माल खराब हुतो."

मी पदरात थुंकले.

ही कलबुर्गीच्या बाहेरची डाळमिल. यंत्रातून आलेली तूरडाळ आम्ही बायका हातानं निवडायचो. निवडलेल्या ढिगात खडा राहिला, तर मॅनेजर निवडणारीला तो चावायला लावायचा. ही तिथली शिकवण्याची रीत होती. मॅनेजर म्हणजे मालकाचा मेहुणा, सगळे त्याला अण्णा म्हणायचे. कारकुनाचं काही चुकलं की अण्णा त्याला चहा पाजून समजावून सांगायचा. खडा फक्त आमच्या तोंडात. आम्ही अफजलपूरकडच्या, मांगवाड्यातल्या. त्याला कुणाची जात विचारावी लागत नव्हती, सगळ्यांची पाठ होती. त्या दिवशी मला त्याचा जीव घ्यावासा वाटला. तरी मी पुन्हा सूप हातात घेतलं, कारण घरी चूल पेटायची होती.

पुढं मिलची डाळ परदेशात पाठवणाऱ्या कंपनीनं मालकाला अट घातली, कामगारांशी नीट वागा. म्हणून पुण्याहून एक मॅडम आल्या. बँकेत, दवाखान्यात, शाळेत, सगळीकडं त्यांनी म्हणे 'कोचिंग संस्कृती' रुजवली होती. त्यांनी आम्हाला खुर्च्यांवर गोल बसवलं. त्या मिलमध्ये मी पहिल्यांदाच खुर्चीवर बसले. मॅडम म्हणाल्या, "रागवायचं नाही. हुकूम सोडायचा नाही. प्रश्न विचारायचा. माणूस आपलं उत्तर आपणच शोधतो."

मला पटलं. अगदी मनापासून पटलं. अण्णाच्या छातीवर 'कोच' असा बिल्ला लागला, आणि मी वेड्यासारखी खूश होऊन घरी गेले.

काही दिवसांनी मॅडम पाहणीला आल्या. त्याच दिवशी लक्ष्मीअक्काच्या ढिगात खडा सापडला. लक्ष्मीअक्का माझ्या शेजारी बसायची, माझ्या आईच्या वयाची. अण्णा तिच्यापुढं उकिडवा बसला. खडा तिच्या तळहातावर ठेवला. आवाज लोण्यासारखा मऊ.

"अक्का, ह्यातून तू काय शिकलीस?"

ती जरा मागं सरकली.

"आता काय करावं वाटायलंय तुला? तुझं तू ठरीव. मी काय सांगत न्हाई."

तिनं आमच्याकडं पाहिलं. आम्ही माना खाली घातल्या. तिनं खडा उचलला आणि आपल्याच हातानं तोंडात घातला. कडकन आवाज झाला.

अण्णा गुडघे झटकत उठला. दारात उभ्या असलेल्या मॅडमना म्हणाला, "बघा मॅडम, मी हात बी लावलो न्हाई. तिचं तिनं ठरीवलं."

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "बदलाला वेळ लागतो."

म्हणजे तोवर आम्ही खडे चावायचे! निवडून काढलेल्या खड्यांचं घमेलं माझ्यापुढंच होतं. मी मूठ भरली. अण्णाची कॉलर धरली, त्याला भिंतीला रेटलं आणि ती मूठ त्याच्या तोंडावर घासली. ओठ फाटला. बिल्ल्यावर रक्त सांडलं.

"चाव, अण्णा. मग इचारते काय शिकलास ते."

मॅडम किंचाळल्या, "हिंसा नको! अगं, हिंसा नको!"

माझी दाढ तुटली, लक्ष्मीअक्काच्या तोंडात खडा फुटला, तेव्हा हा शब्द कुणाला आठवला नव्हता.

मला कामावरून काढलं. पोलिसात तक्रार झाली. मालकानं निरोप धाडला, "अण्णाचे पाय धर, केस मागं घेतो." लक्ष्मीअक्का घरी आली आणि म्हणाली, "कामून धरतीस पाय? मी येतो की साक्षीला." तिनंही मिल सोडली.

आता दुसऱ्या एका मिलमध्ये नव्या बायकांना डाळ निवडायला मीच शिकवते. जवळ बसून शिकवते. ढिगात खडा राहिला तर तो दाखवते आणि घमेल्यात टाकते. त्याची जागा तिथंच आहे.

केस चालू आहे. कोर्टात विचारतील, मारलंस का? मी सांगणार, मारलं. माफी मागणार नाही. आणि मग तिथं सगळ्यांसमोर मी तोंड उघडणार, कुणी न सांगता, आणि तुटलेली दाढ दाखवणार.