दुपारचा चतुर

मंदीत नोकरी गेली तेव्हा मला सगळ्यात जास्त धास्ती बाबांची वाटली. ते रागावतील म्हणून नव्हे. आपला मुलगा आयटीत आहे, हे त्यांनी धायरीतल्या वाण्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं. मग मी रोज नेहमीच्याच वेळी इस्त्रीचा शर्ट घालून, आईने भरलेला डबा घेऊन निघायचो आणि कालव्याकाठी जाऊन बसायचो.

बसायचो कसला, बूड टेकत नव्हतं. मुलाखतीचा फोन येईल म्हणून सारखा मोबाइल बाहेर. रेंज आहे ना? बॅटरी आहे ना? बॅगेत पहिल्या बोनसमधून घेतलेला डिजिटल कॅमेरा होता, आणि समोर गवताच्या काडीवर एक लाल चतुर. मी पुढे सरकलो की तो उडायचा, पाण्यावर चक्कर मारून पुन्हा त्याच काडीवर यायचा. त्याची जागा त्याला कोणी सोडायला सांगत नव्हतं. मला त्या एवढ्याशा किड्याचा राग यायचा. फोटो सगळे हललेले, नाहीतर नुसत्या काडीचे.

एकदा भर उन्हात तो शीर्षासन केल्यासारखा, शेपूट थेट सूर्याकडे करून बसला. मी श्वास रोखला. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. जीव खालीवर झाला, पण आधी बटण दाबलं. पंखांच्या जाळीसकट स्वच्छ फोटो आला. फोन क्रेडिट कार्डवाल्यांचा निघाला.

संध्याकाळी मला राहवेना. कित्येक दिवसांत धड जमलेली ती एकच गोष्ट होती. बाबांना फोटो दाखवला. म्हटलं, "सकाळी ऑफिसला जाताना काढला."

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहिलं. "छान आलाय. फक्त सकाळी सावली अशी पायाखाली पडत नाही."

बाबांनी कॅमेरा परत दिला आणि आवाज खाली आणला.

"आमचा कारखाना बंद पडला तेव्हा मी पर्वतीवर जाऊन बसायचो. तू शाळेत होतास. तिथं झाडं तरी आहेत."

स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "उद्या डब्याला काय देऊ रे?"

"काहीही दे," बाबा म्हणाले, "पण दोघांचं भर."