नोलीनचे स्कोन

नोलीन ब्रॉफी उंदरांची माफी मागायची. ड्युनेडिनच्या त्या प्रयोगशाळेत मी तेवीस वर्षं यंत्रं दुरुस्त केली, पण असं करणारी ही एकटीच. "माफ कर हं बाळा," म्हणायची आणि काम उरकायची. पुढचं मात्र तिच्याइतकं सफाईने कुणालाच जमत नसे. उंदराचा मेंदू बर्फगार साखरपाण्यात घोटायचा, यंत्रात गरगर फिरवायचा आणि मज्जातंतूंची टोकं तेवढी वेगळी काढायची. ही टोकं तुटताना आपलं तोंड आपणच मिटून घेतात आणि पुढे काही तास जिवंत राहतात. नोलीनची शाळा चौदाव्या वर्षी सुटली होती, पण तिच्या कामाला नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती.

टोकं लागायची लोसाला. ही सामोआची मुलगी, पीएचडीचं तिसरं वर्ष. ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल आपल्याला अन्नातून मिळतं. मज्जातंतूंची टोकं ते आत ओढून घेतात आणि त्याचं सेरोटोनिन बनवतात. आपली झोप, भूक, मनाची उभारी यांत त्याचा मोठा वाटा. उपाशी उंदराच्या टोकांत हे सगळं किती होतं ते लोसा मोजत होती. म्हणून पिंजऱ्यावर पाटी होती: खायला देऊ नये.

आकडे छान येत, फक्त शुक्रवारचे सोडून. शुक्रवारी थेट दीडपट. मी यंत्र दोनदा उघडून पाहिलं, काही दोष नव्हता.

"शुक्रवारी तुझं लक्ष सुट्टीकडे असतं," प्रोफेसर सगळ्यांदेखत म्हणाले. "महिनाअखेर आकडे जुळले नाहीत तर हे काम बंद."

लोसाचं तोंड एवढंसं झालं. मला असा संताप आला! म्हाताऱ्याने दहा वर्षांत एक उंदीर हातात धरला नव्हता.

त्यानंतर लोसा दहाच्या चहाला येईनाशी झाली. आमच्याकडे दहाचा चहा चुकवणारा माणूस आजारी तरी असतो, नाहीतर भांडलेला तरी. त्यातून शुक्रवार म्हणजे नोलीनच्या घरच्या स्कोनचा दिवस: मऊ, गोडसर छोटे पाव, रॅस्पबेरीचा जॅम लावलेले. शेवटी नोलीनच बशी घेऊन तिच्या टेबलाशी गेली. मी तिथेच पंपाचा पट्टा बदलत होतो.

"खा पोरी. रिकाम्या पोटी रडू नये."

"नको आंटी. आज शुक्रवार. सोमवार ठीक, बुधवार ठीक. शुक्रवारी मी असं वेगळं काय करते हो?"

नोलीनने बशी टेबलावर ठेवली. शेजारचं स्टूल ओढून ती बसली.

"तू नाही गं," ती म्हणाली. "मी करते."

चहानंतर उरलेले स्कोन कुस्करून ती पिंजऱ्यात टाकायची. इतर दिवशी हाताशी काही नसायचं.

"पाटी वाचता येते मला. पण मरायच्या दिवशी उपाशी कसं पाठवायचं? माझी आई कोंबडी कापायच्या आधीसुद्धा मूठभर दाणे टाकायची."

मी म्हटलं, "गप्प बस नोलीन. पुढच्या शुक्रवारपासून टाकू नकोस, झालं. पेन्शनला दोन वर्षं राहिलीत तुझी."

"आणि ही पोरगी जन्मभर स्वतःला वेंधळी समजत राहील?"

ती उठली आणि तडक चहाच्या खोलीत गेली. प्रोफेसरांच्या तोंडात तिचाच स्कोन होता. तिने सगळं सांगून टाकलं. म्हातारा लालबुंद झाला, पण घास गिळेपर्यंत त्याला ओरडता येईना. तेवढ्यात मागून लोसा धावत आली.

"आंटी, किती टाकायचात? जॅमसकट?"

"जॅमसकटच. कोरडा कोण खातो?"

पुढचे तीन आठवडे लोसाने अर्ध्या उंदरांना स्कोन दिला, अर्ध्यांना उकडलेलं अंडं. ट्रिप्टोफॅन अंड्यात कितीतरी जास्त, त्यामुळे अंडंच जिंकणार यावर मी पैज लावली होती. जिंकला स्कोन. चहाच्या वेळी लोसाने समजावलं, "मेंदूत जायला दार एकच, आणि त्याच्यापुढे बऱ्याच अमिनो आम्लांची रांग. अंड्याने रांगच वाढते. गोड खाल्लं की इतर मंडळी स्नायूंकडे वळतात, आणि ट्रिप्टोफॅनला वाट मोकळी होते." शुक्रवारचे आकडे तिने टाकून दिले नाहीत. प्रबंधाचं सगळ्यात मोठं प्रकरण त्यांच्यावरच उभं राहिलं. नोलीनची नोकरीही टिकली. प्रोफेसरांनी पाटीखाली स्वतःच्या हाताने तेवढं लिहिलं: नोलीन, तूसुद्धा देऊ नकोस.

पदवी घेऊन आपल्या गावी, आपियाला, परत जायच्या आदल्या दिवशी लोसाने बांधलेला प्रबंध नोलीनच्या हातात दिला. कृतीच्या पानावर छापलं होतं: स्कोन, चार ग्रॅम, बनवणार एन. ब्रॉफी. नोलीनने त्यावरून बोट फिरवलं.

"रॅस्पबेरी लिहायचं राहिलं की! उद्या कुणी जर्दाळूचा जॅम लावला तर?"

"आंटी, पहिलं पान बघा."

नोलीनने पान उलटलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "मला दिसत नाहीये. तू वाच."

एकच ओळ होती. मी मोठ्याने वाचली: नोलीन आंटींना, 'तू नाही गं' म्हणाल्याबद्दल.