दुसऱ्या खिशातला बाजा

शहागडच्या नाक्यावर चहा पीत होतो. तीर्थपुरीकडून आलेल्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमचे दिगंबरराव गेले. सकाळीच." चहा तसाच ठेवून मी उठलो...

दिगंबर माझा शाळेपासूनचा दोस्त. लढाईच्या काळात फौजेबरोबर आसामात गेला आणि तिथल्या एका काळ्या अमेरिकन शिपायाकडून माउथ ऑर्गनवर ब्लूज शिकून आला. ब्लूज म्हणजे त्या लोकांचं दुःखाचं गाणं, एवढंच आम्हाला समजलं. त्याच्याकडे असे बाजे दोन. छोट्यावर श्वास ओढून तो सूर असा वाकवायचा की कुणी हुंदका देतंय असं वाटे, पण त्यात काही सूर नव्हतेच. मोठ्याच्या कडेला बटण होतं, ते दाबलं की सगळे सूर हजर, पण तो तसा रडायचा नाही. "एकानं भागत न्हाई रे," दिगंबर म्हणायचा. म्हणून त्यानं सदऱ्याला छातीवर दोन खिसे शिवून घेतले होते. सुरुवात छोट्यावर, मधला भाग दुसऱ्या खिशातल्या मोठ्यावर, शेवट पुन्हा छोट्यावर.

घोळ व्हायचा तो या बदलाबदलीत. गणपतीत काय, शाळेच्या संमेलनात काय, छोटा ठेवून मोठा काढेपर्यंत जराशी शांतता पडे, आणि आमच्या पाटलांना शांतता सोसत नसे. ते लगेच हार घेऊन उठत. गळ्यात हार पडला की कार्यक्रम संपला, ही आमच्याकडची रीतच! दिगंबर कसंनुसं हसून मोठा बाजा परत खिशात घाली. मला एकट्याला ऐकव म्हटलं, तर म्हणे, "हे चार माणसांतच वाजवायचं असतं. त्या शिपायानं तसंच सांगितलंय."

गेल्या संमेलनात त्यानंच तोड काढली. "पाटील, हार आधीच घाला. मंग वाजवतो, बराबर शेवटपर्यंत."

पाटलांनी हार घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि उठून बैलगाड्यांकडे निघाले... मी आणि त्याची बायको, आमच्या वहिनी, तेवढे राहिलो. "वाजव ना, आम्ही हावोत की," मी म्हणालो.

"दम न्हाई राह्यला आता," तो म्हणाला. मला वाटलं, रुसला. छातीचं दुखणं मागाहून कळलं. ते गाणं पुरं ऐकायचं राहिलं, याची हळहळ जात नाही.

तेराव्यानंतर शोकसभा झाली. फोटोशेजारी वहिनींनी तो सदरा घडी करून ठेवला होता, बाजे खिशांतच. पाटलांनी फोटोला हार घातला, डोळे पुसले. लोक उठून गेले. मी उठलो नाही. वहिनीही उठल्या नाहीत. आम्ही दोघं दुसऱ्या खिशाकडे बघत बसून राहिलो.