दुसरी रिंग अर्ध्यात

माझ्या आत्याने सगळी नोकरी एका कारखान्याच्या टेलिफोन बोर्डवर केली. कानाला हेडफोन, पुढ्यात भोकाभोकांचा बोर्ड, हातात वायरी. एक वायर काढायची, दुसरी खोचायची आणि म्हणायचं, "थांबा हं, जोडते." साहेबांची भांडणं, कुणाला मूल झाल्याची बातमी, कुणाचं चोरून चाललेलं प्रेम, सगळं तिच्या हातून गेलं, पण तिच्या तोंडून त्यातलं एक अक्षर बाहेर पडलं नाही. माझी आई लवकर गेली, तेव्हा आत्यानेच मला वाढवलं. लग्न केलं नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायची, "इतक्या नवराबायकोंचं बोलणं ऐकलंय, आता आणखी माझं कशाला?"

निवृत्त झाल्यावर तिने फोनवर बोलणंच सोडलं. कान विटले म्हणायची. पण मी दूर, रात्रभराच्या बसच्या अंतरावर, आणि स्वभावाने काळजीखोर. म्हणून तिने एक नियम घालून दिला. रोज सकाळी सातला तिची रिंग येणार. एक पूर्ण वाजणार, दुसरी बरोबर अर्ध्यात तुटणार. याचा अर्थ ती बरी आहे. मी उचलायचं नाही. उचललं तर ती समजणार की माझ्याकडेच काहीतरी बिघडलंय.

वर्षानुवर्षं हे असंच चाललं. मी गॅसपाशी उभी असायची, फोन वाजून तुटायचा, आणि आतून हे विचारायचे, "वाजली का?" मी म्हणायची, "वाजली." मग आमचा दिवस सुरू. बाकी भेट सुट्टीतली. मीच जायची. ती आमच्याकडे चार दिवसांवर टिकत नसे. आमच्या उशा फार मऊ आहेत, असं तिचं कारण.

यंदा सुट्टीच्या तोंडावर तिच्या फोनवरून निरोप आला. घराला रंग काढलाय, वासाने तुझं डोकं दुखेल, इतक्यात येऊ नकोस. मला पटेना. आत्याने घरातला एक खिळासुद्धा कधी जागचा हलवला नव्हता. हे हसले. म्हातारपणी हौस आली असेल म्हणाले. पण त्याच सुमाराला रिंगही बदलली होती. दुसरी पूर्ण वाजायची आणि तिसरी सुरू होऊन तुटायची. कधी तिसरीही पुरी व्हायची. इतकी वर्षं जिचा हात चुकला नाही, तिचा रोज चुकतो कसा?

"आता रिंगा मोजायला लागलीस?" हे म्हणाले.

मुलगी नोकरीसाठी तिसऱ्याच शहरात असते. ती म्हणाली की मला काळजीला काही सापडलं नाही की मी शोधून काढते. ती स्वतः रोज सकाळी मला अंगठ्याचं चित्र पाठवते. तेवढ्यावर मी गप्प बसावं असा तिचा हिशेब.

शेवटी एका सकाळी तिसरी रिंग सुरू झाली आणि मी फोन उचलला. पलीकडून तान्ह्या मुलाचं रडणं ऐकू आलं, अगदी फोनला चिकटून. मग कुणी बाई हळूच "शू, शू" म्हणाली आणि फोन तुटला. मी उलटा फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, तर बंद.

आत्याच्या घरात तान्हं मूल कुठून आलं? यांनी या वेळी काही थट्टा केली नाही. बॅग काढून दिली आणि मला बसवर सोडलं.

सकाळी बस त्या गावाच्या वेशीशी पोचत होती आणि सातला माझ्या हातातला फोन वाजला. एक, दोन, तिसरी सुरू, बंद. आत्या बरी आहे, असं फोन सांगत होता. आणि हे सांगतंय कोण, ते बघायला मी निघाले होते. 

आत्याचं घर पहिल्या मजल्यावर. दाराला कुलूप. जिन्यात रंगाचा वास नाही, पायपुसण्यावर धूळ. मी कडी वाजवली, उगाचच. मग खाली आले. तळमजल्यावरच्या खोलीत एक तरुण बाई शिलाई करते. मांडीवर मूल घेऊन ती मशीनवर बसली होती. मला बघताच तिने हाताने चाक धरून मशीन थांबवलं. कापडांच्या ढिगावर आत्याचा फोन होता.

"ताई, रागवू नका," ती म्हणाली. "मला शपथ घातलीय त्यांनी."

मग तिने सगळं सांगितलं. आत्या न्हाणीघरात घसरून पडली होती. उठता येईना, म्हणून बादलीवर तांब्या आपटत राहिली, तो आवाज हिला खाली ऐकू आला. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं. हिने आणि हिच्या नवऱ्याने तिला रुग्णालयात नेलं. खाटेवर पडल्या पडल्या आत्याने तिला रिंग द्यायला शिकवलं. पहिली पूर्ण, दुसरी अर्ध्यात. रंगाचा निरोपही तिनेच सांगून लिहून घेतला. "पण बाळ कडेवर असलं की बोट वेळेवर पोचत नाही हो," ती म्हणाली आणि रडायला लागली.

तिच्यावर रागवायला मला वेळ नव्हता. फोन आणि वरच्या घराची किल्ली घेतली आणि निघाले.

वॉर्डात शेवटच्या खाटेवर आत्या. पायाला दोरी, दोरीला वजन लटकवलेलं. चेहरा निम्मा झालेला. मला बघून ती म्हणाली, "चहा तरी घेतलास का?"

डॉक्टरांनी मला बाजूला नेलं. शस्त्रक्रिया केव्हाच व्हायला हवी होती, पण जबाबदारी घेणारं माणूस नव्हतं. माझं कुणीच नाही, असं पेशंटने सांगितलं होतं. पडून राहून छातीत कफ भरत चालला होता. आणखी थांबलं तर हाडापेक्षा छातीच दगा देईल, आणि आता केलं तरी खात्री देता येत नाही, असं ते म्हणाले. तुम्ही त्यांच्या कोण, त्यांनी विचारलं.

"मुलगी," मी म्हणाले.

मी खाटेपाशी परतले. "तुझं कुणीच नाही का गं?"

तिने छताकडे बघितलं. "तू इथे येतेस तेव्हा तुझं अर्धं लक्ष लेकीकडे. घरी असतेस तेव्हा अर्धं माझ्याकडे. आख्खी तू कुठेच नसतेस. म्हटलं, माझ्या बाजूची वायर काढून टाकावी."

"विचारलंस मला?"

"विचारलं असतं तर धावत आली असतीस."

 मी तिची वेणी सोडून पुन्हा घातली. केसांत गुंता झाला होता. ती एकदाही आई गं म्हणाली नाही. मी हळूच विचारलं, दुखतंय का. "काही नाही," ती म्हणाली. बोर्डवर बसायची तोच आवाज.

दुसऱ्या दिवशी तिला आत नेलं. मी बाहेर बाकावर. मुलीला फोन लावून सगळं सांगितलं आणि म्हणाले, उद्यापासून अंगठा नको, तोंडाने बोल.

"आई, आत्याआजीचा राग माझ्यावर काढू नकोस."

  मग तीच म्हणाली, "मागच्या आठवड्यात मी तापाने झोपून होते. तेव्हाही अंगठा पाठवलाच होता."

 मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, आता बरी आहे, खरंच, आवाज ऐक ना. मी ऐकत राहिले.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले की हाड बसवलंय, पण श्वासाचं उद्या सकाळी कळेल. त्या वॉर्डात नातेवाइकांना थांबू देत नाहीत. मी आत्याचा फोन नर्सच्या हातात दिला, शुद्धीवर आल्या की उशाशी ठेवा म्हटलं, आणि तिच्या घरी येऊन तिच्या कडक उशीवर पडले.

सकाळी फोन समोर ठेवून बसले. सात वाजले. फोन गप्प. सात वाजून गेले. तळमजल्यावर मशीन सुरू झालं आणि लगेच थांबलं. तीही ऐकत असणार.

मग वाजला. पहिली रिंग पूर्ण. दुसरी सुरू झाली. ती अर्ध्यात तुटायच्या आत मी उचलला.

पलीकडे नुसता श्वास. घरघरणारा, पण श्वास.

"उचललास," आत्या म्हणाली.

"उचलला."

 मला वाटलं, तोडणार आता. मग आवाज आला. तो बोर्डवरचा आवाज नव्हता. तिचा तसला आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

"दुखतंय गं. खूप दुखतंय."

"निघाले," मी म्हणाले आणि फोन कानाला धरूनच चपला शोधायला लागले. तो तिनेही तोडला नाही, मीही नाही.