गुरुजींची बोटं

या माणसाला सगळे गुरुजी म्हणत, पण शाळेशी त्यांचा संबंध एवढाच की शाळेच्या मोरीतले नळ त्यांनी दोनदा बदलले होते. धंदा प्लंबरचा, चाळीस वर्षांचा. गुरुजी हे नाव पडलं ते खोडीमुळे. नळ दुरुस्त करून गुमान निघून जाणं त्यांना जमतच नसे. घरातल्या माणसाला शेजारी उभं करायचं आणि शिकवायचं.

"नळ ठिबकतोय ना? मग वॉशर बदला. बेसिन तुंबलं तर खालची वाटी उघडून साफ करा. एवढ्यातेवढ्यासाठी मला बोलावू नका. पण भिंत ओली दिसली आणि पाणी कुठनं येतंय ते कळत नसलं, तर कशालाही हात लावायचा नाही. सरळ मला बोलवायचं."

स्वतःच्याच पोटावर पाय देणारा असा कारागीर दुसरा दाखवा! बायको कपाळाला हात लावायची. पण झालं उलटंच. भिंत फोडायची वेळ आली की लोक गुरुजींशिवाय कुणाला उंबऱ्याच्या आत घेत नसत. मूलबाळ नाही, जमीनजुमला नाही, या माणसाने आयुष्यात कमावलं ते एवढंच.

सगळी विद्या होती बोटांच्या टोकांत. आटे नीट बसले का, जोड आवळताना कुठे थांबायचं, हे सारं बोटांनाच कळायचं. दोन वर्षांपूर्वी ती बोटं बधिर व्हायला लागली. साखर अंगात दहा वर्षं होतीच, पथ्याच्या नावाने आनंद होता. आधी डावा हात गेला, मग उजवा. चहाचा कप किती गरम आहे हे आता ओठांना पोळल्यावर कळायचं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, गेलेली जाणीव परत यायची आशा धरू नका. गुरुजींनी हे कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

त्यांनी आपला उपाय आपणच शोधला, आणि तिथेच घात झाला. कुठे थांबायचं ते कळत नाही ना, मग पाना आणखी अर्धा फेरा फिरवायचा. सैल राहायला नको. लोखंडी पाइपांच्या जमान्यात हे खपूनही गेलं असतं. प्लास्टिकचा जोड तेव्हा काही बोलत नाही, दोन-तीन आठवड्यांनी भिंतीच्या आत केसाएवढा तडकतो. हे गुरुजींना ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण भ्यायलेल्या माणसाचं शहाणपण आधी पळ काढतं.

शिंपीणबाई म्हणजे त्यांचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक. तिच्या मोरीच्या भिंतीत त्यांनी नवा कोपऱ्याचा जोड बसवला. तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. भिंतीपलीकडे शिवणाची खोली होती, आणि भिंतीला टेकून ठेवलेले गिऱ्हाइकांचे कपडे खालच्या घडीपर्यंत ओले झाले होते. एका लाल सदऱ्याचा रंग शेजारच्या पांढऱ्या कापडात उतरला होता. गुरुजींनी भिंत फोडली, जोड काढला, उजेडात धरला. तडा दिसला. पान्याच्या दाताची खूण तर आंधळ्यालाही दिसली असती.

"काय झालं हो?" शिंपीणबाईंनी विचारलं.

"माल हलका निघाला," गुरुजी म्हणाले.

"असेल. हल्ली कशाचाच भरवसा नाही. तुमचा हात कधी चुकायचा नाही, हे मला माहीत आहे ना."

तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. चाळीस वर्षांत गुरुजी पहिल्यांदा खोटं बोलले होते, आणि ते बिनबोभाट पचलं होतं. त्यांनी नवा जोड बसवला, आवळला. पुरे झालं की नाही? कळेना. आणखी अर्धा फेरा दिला. घरी येईपर्यंत त्यांना रडू आवरत नव्हतं.

पुढच्या महिन्यात ते तिच्या गल्लीतून चालले होते. तिच्या दारात दुसऱ्याच प्लंबरची मोटारसायकल उभी होती. शिंपीणबाईंनी त्यांना पाहिलं आणि पटकन आत वळल्या. मग एकेक घर सुटलं. भांडण नाही, तंटा नाही. फोन वाजेनासा झाला, बस.

शेवटी घरातलाच स्वयंपाकघराचा नळ गळायला लागला. गुरुजींनी तो तीनदा उघडला. तिसऱ्यांदा भिंतीतूनच पाझर सुटला. रविवारी सकाळी ते हत्यारांची पिशवी घेऊन बसले, तर बायको समोर येऊन उभी राहिली.

"अहो, राहू द्या. मी बोलावलंय एकाला."

"कुणाला? आणि मी काय मेलोय?"

"तसं नाही हो." तिने पिशवी हळूच बाजूला सरकवली. "तुमच्या हाताला भाजतं, कापतं, आणि तुमचं तुम्हाला कळत नाही. रक्त मी पुसते. वर्ष झालं, मी बघतेय."

वर्षभर तिला सगळं ठाऊक होतं.

प्लंबर आला. चाळिशीचा, पोट सुटलेला, भला माणूस. त्याने गुरुजींना ओळखलं आणि वाकून नमस्कारसुद्धा केला. भिंत ठोकून पाहिली, मग ज्या सुरात परक्या घरी विचारतात त्याच सुरात विचारलं, "काका, मेन कॉक कुठंय?"

गुरुजी त्याला मोरीत घेऊन गेले. "मी करतो बंद," म्हणून स्वतःच खाली बसले आणि चावी फिरवायला लागले. फिरवत राहिले.

"बास, काका," तो मागून हळू आवाजात म्हणाला. "केव्हाच बंद झालाय. मोडेल आता."

गुरुजींनी हात काढून घेतला. भिंतीला धरून उठले आणि त्याला जागा द्यायला मोरीच्या बाहेर, बायकोशेजारी जाऊन उभे राहिले.